व्यवसायी खेळाडू : मुंबई व लँकेशायर

खालापूर तालुक्यातील खोपोलीच्या जलविद्युत्केंद्राची वीज १९१५ पासून मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळू लागली. मुंबई व लँकेशायर यांची तुलना सहसा अशा गिरण्यांच्या संदर्भातच केली जाते. खेळाडूच्या उपजीविकेचा प्रश्न मात्र या दोन ठिकाणी अगदी भिन्न रीतीने सुटला.

उत्तर इंग्लंडातील कामगार शनिवारी दुपारी मोकळा होई व तिकीट काढून सामना पाही. खेळापायी बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही, या वादातून १८९५ साली हडर्सफील्ड येथे रग्बीची निराळी संघटना निघाली. रग्बी लीग हा खेळ त्यातूनच घडला. लँकेशायर लीगमधील क्रिकेट क्लबही याच प्रेक्षकवर्गाच्या बळावर प्रत्येकी एक व्यवसायी खेळाडू हंगामापुरता वेतनावर ठेवीत.

मुंबईचे लेगस्पिनर सुभाष गुप्ते (१९२९–२००२) १९५० नंतरच्या दशकात रिश्टन क्लबकडे गेले ते याच नात्याने. कानपूरला १९५८ साली वेस्ट इंडीजचे नऊ गडी १०२ धावांत टिपणाऱ्या या गोलंदाजाला मायदेशी केवळ चेंडूवर संसार चालविणे शक्य नव्हते. टाइम्स शील्डच्या मुंबईत खेळाडू पोसला जाई तो कचेरीतील नोकर म्हणून; पगार हजेरीपटावरचा, खेळ जणू वरकड. रिश्टनसारख्या लहान गावी करारच खेळाचा होता. पैसे घेऊन खेळणे कमीपणाचे मानणारे हौशी परंपरेचे अभिमानी पुष्कळ होते. मजुरी बुडण्याची धास्ती त्यांच्यापैकी फारच थोड्यांना असावी. गुप्ते पुढे त्रिनिदादला स्थायिक झाले.