किनारा सर्वांचा, वादात वाट

भारतात भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील वाळू सहसा कोणाच्याही खासगी मालकीची नसते. वाद उद्भवतो तो तिच्यापर्यंत नेणाऱ्या वाटेविषयी.

पर्यावरण संरक्षण कायद्यान्वये केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारपट्टी नियमन क्षेत्राची (सीआरझेड) अधिसूचना काढली. किनाऱ्यावर जाण्यास लोकांना अडथळा होईल असे कुंपण तिने निषिद्ध ठरविले. लगतच्या दोन हॉटेलांमध्ये किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा सोडणे बंधनकारक करण्यात आले. अशा दोन जागांमधील अंतर ५०० मीटरपेक्षा कमी नसावे, अशीही अट त्याच नियमात आहे. म्हणजे एक वाट बंद झाली की पुढची किमान अर्धा किलोमीटर दूर! २०११ व २०१९ च्या अधिसूचनांतही ही तरतूद कायम राहिली.

या हक्काची खरी कसोटी गोव्यात लागली. दोनापावलानजीकच्या वायंगिणी किनाऱ्याकडे जाणारी वाट एका हॉटेलाच्या विस्तारित बांधकामाने अडविल्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. २० जानेवारी २००९ रोजी न्यायालयाने हॉटेलाचे अपील फेटाळले. किनारा, नदी, वन यांसारख्या नैसर्गिक संपत्तीचे राज्य हे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे, हे तत्त्व या निकालाने अधोरेखित केले आणि वाढीव बांधकाम पाडण्याचा आदेश कायम झाला. तथापि गोवा सरकारने त्याच वर्षी भूसंपादन कायद्यात दुरुस्ती केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती वैध ठरविल्याने पाडकाम टळले. न्यायालयात जिंकलेला हक्क विधिमंडळात किती सहज सैल होऊ शकतो, हे यातून दिसले.

वाटेचा प्रश्न केवळ पर्यटकांचा नाही. मासेमारांच्या होड्या आणि जाळी तिच्यावरूनच ये-जा करतात आणि स्वयंसेवकांनी गोळा केलेला कचराही तिच्यावरूनच बाहेर न्यावा लागतो. मुंबईत वर्सोवा येथे वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये एका वृद्ध शेजाऱ्यासह हाताने कचरा वेचण्यास प्रारंभ केला. पुढे शेकडो नागरिक सामील झाले आणि वाळूत रुतलेले प्लास्टिक उपसण्यासाठी यंत्रे व ट्रॅक्टर किनाऱ्यावर उतरवावे लागले. शाह यांना २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ पुरस्कार मिळाला, तर मार्च २०१८ मध्ये तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले आढळली.

दरवर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन पाळला जातो. भारतात या मोहिमेचे समन्वयन तटरक्षक दल करते. पश्चिम किनाऱ्यासाठी ही वेळ योग्यच म्हणावी लागेल, कारण पावसाळ्यात नाल्यांनी समुद्रात लोटलेला कचरा तोवर लाटांनी परत आणून टाकलेला असतो.