टागेसशाउ

टागेसशाउ : जर्मन दूरचित्रवाणीवरील सर्वांत जुने, आजही अखंड चालू असलेले बातमीपत्र. पहिले प्रक्षेपण २६ डिसेंबर १९५२ रोजी झाले. एआरडी या सार्वजनिक प्रसारण संस्थांच्या संघासाठी ते हॅम्बुर्ग शहराच्या लोकस्टेट भागात, एनडीआर या उत्तर जर्मन प्रसारण संस्थेच्या आवारात तयार होते. दिवसभरात त्याची अनेक लहानमोठी बातमीपत्रे असतात, पण नुसते ‘टागेसशाउ’ म्हटले की जर्मन माणसाच्या मनात येते ते रात्री आठचे, पंधरा मिनिटांचे मुख्य बातमीपत्र. स्वित्झर्लंडच्या जर्मनभाषक दूरचित्रवाणीवरही १९५३ पासून याच नावाचे बातमीपत्र आहे. त्याचा एआरडीशी संबंध नाही. ऑस्ट्रियाचे ‘त्साइट इम बिल्ड’ १९५५ मध्ये सुरू झाले.

या बातमीपत्राचा स्वभाव समजायचा तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हॅम्बुर्गपासून सुरुवात करावी लागते. नाझी राजवटीत जर्मन नभोवाणी संपूर्णपणे गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयाच्या ताब्यात होती. युद्धानंतर उत्तर आणि पश्चिम जर्मनीचा मोठा भाग ब्रिटिश अंमलाखाली आला आणि तेथील नभोवाणी नव्याने उभारण्यासाठी बीबीसीचे ह्यू कार्लटन ग्रीन यांना पाठवण्यात आले. कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांचे हे धाकटे भाऊ. सरकारच्या हाताखाली नसलेली, नागरिकांनी भरलेल्या शुल्कावर चालणारी आणि बातमी व मत यांची सरमिसळ न करणारी संस्था त्यांना घडवायची होती. एनडब्ल्यूडीआर ही वायव्य जर्मन प्रसारण संस्था त्या धोरणावर उभी राहिली. वेगवेगळ्या प्रांतांतल्या अशा संस्थांनी १९५० मध्ये एकत्र येऊन एआरडी स्थापन केली. देशभराचा आवाज पुन्हा एका हाती जाऊ नये, हा या संघरचनेमागचा हेतू होता. टागेसशाउची पुढे प्रसिद्ध झालेली कोरडी, भावनारहित वाचनशैली याच मातीतून आली आहे. बारा वर्षे गर्जना ऐकलेल्या श्रोत्यांना शांत आवाजात, विशेषणे गाळून बातमी सांगणे, हे त्या काळात फार मोठे काम होते.

एनडब्ल्यूडीआरची नियमित दूरचित्रवाणी २५ डिसेंबर १९५२ रोजी, नाताळच्या दिवशी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी टागेसशाउ दिसले. त्यापूर्वी पाच दिवस, २१ डिसेंबरला, पूर्व बर्लिनमध्ये साम्यवादी जर्मनीच्या दूरचित्रवाणीने ‘आक्टुएले कामेरा’ हे आपले बातमीपत्र सुरू केले होते. दोन जर्मनींची ही दोन बातमीपत्रे पुढची अडतीस वर्षे एकमेकांसमोर उभी राहणार होती.

आरंभीच्या टागेसशाउला बातमीपत्र म्हणणे आज थोडे जड जाईल. आपल्याकडे चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनची वार्ताचित्रे दाखवत, तशी जर्मन चित्रपटगृहांत ‘नॉये डॉइचे वोखेनशाउ’ ही साप्ताहिक वार्ताचित्रमाला चाले. मार्टिन स्वोबोदा हे तरुण संपादक तिच्याच फितींमधून तुकडे निवडून आठवड्यातून तीन भाग तयार करीत. पहिल्या भागात कोरियाहून परतणारे अमेरिकेचे निर्वाचित अध्यक्ष आयझेनहॉवर होते आणि जर्मनी-युगोस्लाव्हिया फुटबॉल सामनाही होता. निवेदक पडद्यावर नसे, फक्त त्याचा आवाज ऐकू येई. दृश्य दोन-चार दिवसांपूर्वीचे असले तरी कोणाची तक्रार नव्हती, कारण ताज्या बातमीसाठी लोक नभोवाणीकडेच वळत. १९५४ पासून एआरडीचा देशव्यापी सामाईक कार्यक्रम सुरू झाला, १९५६ च्या आरंभी एनडब्ल्यूडीआरचे एनडीआर आणि पश्चिमेकडची डब्ल्यूडीआर असे दोन भाग झाले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून टागेसशाउ रविवार सोडून रोज दिसू लागले. हान्स कार्स्टे यांच्या रचनेतले सुरुवातीचे सुपरिचित सूरही याच वर्षीचे. मांडणी पुष्कळदा बदलली, पण हे सूर आजही ओळखता येतात. रविवारचे प्रक्षेपण ३ सप्टेंबर १९६१ रोजी सुरू झाले. बर्लिनची भिंत उभी राहू लागली तो १३ ऑगस्टचा दिवसही रविवारच होता, बरोबर तीन आठवडे आधीचा.

खरे वळण आले २ मार्च १९५९ रोजी. त्या दिवशी कार्ल-हाइन्त्स क्योप्के हे नभोवाणीतले निवेदक कॅमेऱ्यासमोर बसले आणि हातातल्या कागदांवरून बातम्या वाचू लागले. ज्या घटनेचे चित्र मिळालेले नाही, तीही आता बातमी ठरू शकत होती. संसदेतले मतदान, परराष्ट्र खात्याचे निवेदन, बाजारातील दर यांना पडद्यावर जागा मिळाली ती यामुळेच. क्योप्के १९८७ पर्यंत त्या खुर्चीवर होते. १९७४ मध्ये ते सुट्टीवरून मिशी ठेवून परतले, तेव्हा देशभर त्या मिशीवर चर्चा झाली. अनेकांना क्योप्के हे सरकारचेच प्रवक्ते वाटत, इतका त्यांच्या चेहऱ्याचा अधिकार होता. वास्तविक त्यांनी मजकुरातला एक शब्दही लिहिलेला नसे. टागेसशाउच्या निवेदकाचे काम पत्रकाराचे नसते. मजकूर संपादक मंडळ लिहिते, निवेदक तो वाचतो आणि त्यावर स्वतःचे मत जोडत नाही. वाचणारा आणि लिहिणारा यांच्यातला हा भेद इतर देशांतल्या मोठ्या बातमीपत्रांनी कधीच सोडून दिला. हॅम्बुर्गने तो जपला, आणि माझ्या मते या बातमीपत्राच्या विश्वासार्हतेचे मूळ त्यातच आहे. प्रेक्षकाचा विश्वास एका लोकप्रिय व्यक्तीवर बसण्याऐवजी संपादक मंडळाच्या शिस्तीवर बसतो.

स्त्रियांना मात्र या टेबलाशी फार उशिरा जागा मिळाली. बातमीचे गांभीर्य पुरुषाच्या आवाजातच टिकते, ही समजूत घट्ट होती. पूर्व जर्मनीत आने-रोझे नॉयमान १९६३ पासून बातम्या वाचत होत्या. पश्चिमेत झेडडीएफ या दुसऱ्या सार्वजनिक वाहिनीवर विब्के ब्रुन्स १९७१ मध्ये आल्या. टागेसशाउवर पहिली स्त्री, डाग्मार बेर्गहोफ, दिसली ती १६ जून १९७६ रोजी. पुढे १९९५ मध्ये त्या मुख्य निवेदक झाल्या आणि १९९९ चा शेवटचा दिवस हा त्यांच्या सेवेचाही शेवटचा दिवस ठरला. १९८८ मध्ये एका टेनिस स्पर्धेच्या नावातली अक्षरे चुकून त्यांच्या तोंडून भलताच शब्द गेला आणि त्यांना हसू आवरेना. जर्मन प्रेक्षकांना ते हसू आजही आठवते.

टागेसशाउच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग पूर्व जर्मनीत घडला, म्हणजे ज्या देशासाठी ते बनवलेच जात नव्हते त्या देशात. पश्चिमेचे प्रक्षेपण सीमेपलीकडे सहज पोचे. साम्यवादी पक्षाच्या युवक संघटनेने १९६१ च्या शरद ऋतूत ‘ऑक्सनकोप्फ मोहीम’ काढली होती. बव्हेरियातल्या प्रक्षेपण केंद्राचे नाव तिला दिले होते. पश्चिमेकडे तोंड केलेले अँटेना तरुण कार्यकर्ते छपरांवर चढून फिरवत किंवा उतरवत. उपयोग झाला नाही. १९७० च्या दशकात पूर्व जर्मनीचे नेते होनेकर यांच्या काळात राज्यकर्त्यांनी हा नाद जवळपास सोडून दिला. साडेसातला ‘आक्टुएले कामेरा’मधली उत्पादनाची उद्दिष्टे आणि पक्षनेत्यांची सगळी पदे ऐकायची किंवा टाळायची आणि आठला टागेसशाउ लावायचे, हा असंख्य घरांचा परिपाठ झाला. ड्रेस्डेनचा परिसर आणि ईशान्येचा कोपरा एवढ्या भागांतच पश्चिमेचे चित्र नीट पोचत नसे. त्या प्रदेशाला लोक ‘अजाणांची दरी’ म्हणत.

पूर्व बर्लिनमधून वार्तांकन करणाऱ्या एआरडीच्या प्रतिनिधींवर यामुळे दुहेरी जबाबदारी होती. त्यांची बातमी ज्यांच्याविषयी असे, तेच लोक ती पाहत असत. लोथार ल्योवे यांनी डिसेंबर १९७६ मध्ये टागेसशाउमध्ये स्पष्ट सांगितले की सशांवर झाडाव्यात तशा माणसांवर गोळ्या झाडण्याचा आदेश सीमारक्षकांना आहे आणि हे पूर्व जर्मनीतल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. दुसऱ्याच दिवशी त्यांची अधिस्वीकृती रद्द झाली आणि त्यांना देश सोडावा लागला. विशेषणे टाळणाऱ्या बातमीपत्रातही सत्य किती रोखठोक सांगता येते, याचे हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते.

९ ऑक्टोबर १९८९ रोजी लाइप्झिगच्या रस्त्यांवर सुमारे सत्तर हजार लोक उतरले. परदेशी पत्रकारांना शहरात मज्जाव होता. आराम राडोम्स्की आणि झीगबेर्ट शेफ्के या पूर्व बर्लिनच्या दोघांनी एका चर्चच्या मनोऱ्यावर लपून मोर्चाचे चित्रण केले. ती फीत चोरून पश्चिम बर्लिनला पोचली आणि दुसऱ्या दिवशी एआरडीच्या बातम्यांत दिसली. ती कोणी चित्रित केली हे निवेदनात अर्थातच सांगितले नाही. गोळीबाराविना पार पडलेला तो मोर्चा पूर्व जर्मनीच्या लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला तो पश्चिमेच्या पडद्यावर.

महिनाभराने, ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सातच्या सुमारास, पक्षाचे प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की यांनी पत्रकार परिषदेत प्रवासाचे नवे नियम गोंधळलेल्या सुरात वाचून दाखवले. ते नक्की कधीपासून लागू, हे त्यांना नीट ठाऊक नव्हते. तासाभराने योआखिम ब्राउनर यांनी टागेसशाउमध्ये ती पहिली बातमी म्हणून वाचली आणि मथळा होता : पूर्व जर्मनी सीमा खुली करत आहे. भिंतीची दारे तेव्हा बंदच होती. पण मथळा वाचून लोक घराबाहेर पडले, सीमानाक्यांवर गर्दी वाढत गेली आणि रात्री साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर रस्त्यावरचे फाटक उघडावे लागले. प्रसारमाध्यमांनी त्या रात्री घटनेचे वर्णन करता करता घटना घडवली, असे त्या काळाचे अभ्यासक मानतात. टागेसशाउच्या बाबतीत त्याचे कारण उघड आहे. इतकी वर्षे अघळपघळ न बोललेल्या बातमीपत्राने सीमा खुली होत आहे असे म्हटले, म्हणून लोकांनी ते खरे मानले. ‘आक्टुएले कामेरा’ १४ डिसेंबर १९९० रोजी बंद पडले. पूर्वेकडच्या ल्युबेनाउ गावी जन्मलेले येन्स रीवा पुढे टागेसशाउत आले आणि २०२० च्या अखेरीपासून ते मुख्य निवेदक आहेत.

मधल्या काळात संपादनाची रचना बदलली. १९७७ मध्ये ‘एआरडी-आक्टुएल’ हे स्वतंत्र संपादक मंडळ झाले आणि २ जानेवारी १९७८ पासून रात्री उशिराचे ‘टागेसथेमेन’ सुरू झाले. तेथे सूत्रसंचालक पत्रकार असतो, मुलाखती होतात आणि मतप्रदर्शन ‘मत’ अशा स्पष्ट नावाखाली केले जाते. हान्स योआखिम फ्रीडरिक्स आणि उलरिख विकर्ट यांनी या कार्यक्रमाला घडवले.

खासगी वाहिन्या १९८४ पासून आल्या, तरी आठची वेळ हलली नाही. जर्मनीतल्या बहुतेक वाहिन्यांचा रात्रीचा मुख्य कार्यक्रम आजही सव्वाआठला लागतो, कारण तोवर टागेसशाउ संपलेले असते. सॅट-एक या खासगी वाहिनीने १९९० च्या दशकात मुख्य कार्यक्रम आठलाच सुरू करून पाहिला. प्रेक्षक आले नाहीत आणि तो प्रयोग मागे घ्यावा लागला. प्रांतिक वाहिन्यांवरचे एकाच वेळचे प्रक्षेपण धरले, तर आठच्या बातमीपत्राला २०२० मध्ये, करोनाच्या वर्षी, सरासरी एक कोटीहून अधिक प्रेक्षक होते.

टीकाही जुनीच आहे. मोटारीतून उतरणारे मंत्री, हस्तांदोलने, परिषदांची टेबले या ठरावीक दृश्यांमुळे राजकारण म्हणजे फक्त सरकारी हालचाली असे चित्र उभे राहते, हा आक्षेप रास्त आहे. डिसेंबर २०१६ मध्ये फ्रायबुर्गमधील एका खून प्रकरणात तरुण निर्वासिताला अटक झाली आणि ती बातमी आठच्या बातमीपत्रात आली नाही. ती प्रादेशिक महत्त्वाची होती, असा खुलासा मुख्य संपादक काय ग्निफ्के यांनी केला, पण बातमी दडपल्याचा आरोप सर्व बाजूंनी झाला. काय सांगायचे नाही हे ठरवण्याचा संपादकाचा अधिकार लोक आता पूर्वीसारखा मुकाट्याने मान्य करत नाहीत, हे या वादात दिसले. वृत्तपत्र प्रकाशकांशी झालेला वाद वेगळा होता. टागेसशाउचे संकेतस्थळ १९९६ चे, मोबाइल ॲप डिसेंबर २०१० चे. शुल्काच्या पैशातून फुकट वाचायला मिळणारा मजकूर म्हणजे वृत्तपत्राशीच स्पर्धा, अशी तक्रार घेऊन आठ प्रकाशनसंस्था २०११ मध्ये न्यायालयात गेल्या. कोलोनच्या उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर ॲपमध्ये चित्रफितींना अधिक स्थान मिळाले.

१९ एप्रिल २०१४ पासून बातम्या एका लांबलचक पडद्यासमोर वाचल्या जातात. भारतातील घडामोडींचे वृत्तांकन एआरडीच्या नवी दिल्लीतील केंद्राकडे असते.

भाषेचा प्रश्न मात्र दीर्घकाळ तसाच राहिला होता. लांब, नामांनी भरलेली आणि कर्मणी प्रयोगात अडकलेली वाक्ये अनेक प्रेक्षकांच्या डोक्यावरून जातात, ही तक्रार १९७० च्या दशकापासून होत आली आहे. जर्मनीतील सुमारे १ कोटी ७० लाख प्रौढांना अवघड मजकूर समजायला त्रास होतो, असे एआरडीनेच नमूद केले आहे. १२ जून २०२४ पासून ‘सोप्या भाषेतील टागेसशाउ’ सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सातला टागेसशाउ-२४ या वृत्तवाहिनीवर दाखवले जाते. वाक्ये लहान असतात, वाचन संथ असते आणि ‘अर्थसंकल्पीय तूट’ यांसारखा शब्द आला की त्याचा अर्थ तेथेच सांगितला जातो. जर्मन शिकणारे परदेशी विद्यार्थी आणि देशात नव्याने आलेले निर्वासित यांनाही त्याचा उपयोग होतो. कर्णबधिरांसाठी आठचे बातमीपत्र फोनिक्स वाहिनीवर सांकेतिक भाषेसह दाखवले जाते.