सोन्नलगीचे तळे आणि कर्तेपणाचा प्रश्न : सिद्धराम–अल्लमप्रभू भेटीचा एक विचार

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याला लागून असलेले सिद्धेश्वर तळे हे या नगराच्या इतिहासाचे सर्वांत जुने जिवंत साधन म्हणावे लागेल. किल्ला बहमनी काळातील. तळे त्याहून जुने. बाराव्या शतकात हे गाव सोन्नलगी या नावाने ओळखले जाई. मोहोळ तालुक्यातील कामती येथील शके 1238 च्या संस्कृत लेखात त्याचा उल्लेख सोनलीपूर असा येतो. शिवयोगी सिद्धराम यांनी हे तळे खोदविले, असे परंपरा एकमुखाने सांगते. मात्र वीरशैव–लिंगायत वाङ्मयातील एका प्रसिद्ध प्रसंगात याच विधानावर आक्षेप घेतला गेला आहे. ‘तळे मी खोदविले’ या वाक्यातील ‘मी’ कोण, असा तो आक्षेप आहे. स्थानिक इतिहासलेखनात या प्रसंगाकडे बहुधा चमत्कारकथा म्हणून पाहिले गेले. त्यातील वैचारिक पेच मात्र दुर्लक्षित राहिला.

साधनांचा विचार आधी करावयास हवा. सिद्धरामांचे विस्तृत चरित्र प्रथम राघवांक या कन्नड कवीने ‘सिद्धराम चरित्र’ या षट्पदी काव्यात लिहिले. राघवांक हा हरिहर कवीचा भाचा व शिष्य. काळाच्या दृष्टीने तो सिद्धरामांना बराच जवळचा आहे. त्याच्या काव्याचा भर सोन्नलगीतील लोककार्यावर व श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या भक्तीवर आहे. दुसरे साधन सिद्धरामांच्या स्वतःच्या वचनांचे. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या मुद्रेची हजाराहून अधिक वचने आज उपलब्ध आहेत. तिसरे साधन ‘शून्यसंपादने’. शिवगणप्रसादी महादेवय्या यांनी पंधराव्या शतकात प्रथम संकलित केलेल्या या ग्रंथात अल्लमप्रभू आणि इतर शरणांच्या वचनांची संवादरूपाने गुंफण केली आहे. पुढे त्याच्या आणखी आवृत्त्या झाल्या. त्यांपैकी गूळूर सिद्धवीरण्णांची विशेष प्रसिद्ध आहे. वचने बाराव्या शतकातील आणि त्यांची नाट्यमय मांडणी तीन शतकांनंतरची, हे भान सुटले की घटनेचा इतिहास आणि विचाराचा इतिहास यांची सरमिसळ होते. अल्लमप्रभूंशी झालेली भेट जशी वर्णिली आहे तशीच घडली, असे इतिहासकार म्हणू शकणार नाही. त्या परंपरेला सिद्धरामांच्या कार्यासंबंधी कोणता प्रश्न विचारावासा वाटला, हे मात्र तो निश्चित सांगू शकतो.

राघवांकाने सांगितलेली बालपणीची कथा सोलापूरच्या मातीतली आहे. मुद्दगौडा व सुग्गव्वे यांचा हा मुलगा रानात गुरे राखीत असता एक जंगम तेथे येतो. आपले नाव मल्लय्या आहे असे सांगून तो हुरडा मागतो. हुरडा खाल्ल्यावर त्याला दहीभात हवासा वाटतो. मुलगा घरी धावत जाऊन दहीभात घेऊन येतो, तर मल्लय्या नाहीसा झालेला. त्याला हाका मारीत, रडत, यात्रेकरूंच्या मागोमाग तो मुलगा थेट श्रीशैलास पोहोचतो. तेथेही तो भेटत नाही, तेव्हा तो कड्यावरून उडी घेण्यास सिद्ध होतो, आणि त्या क्षणी मल्लिकार्जुन त्याला सावरतो. देव त्याला श्रीशैलावर ठेवून घेत नाही, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. सोन्नलगीस परत जा व तिचे दुसरे श्रीशैल कर, अशी आज्ञा होते. साक्षात्काराचे पर्यवसान संन्यासात न होता गावी परतण्यात होते.

परतल्यावर जे उभे राहिले ते सर्वज्ञात आहे. मंदिर, गावाभोवती स्थापिलेली अडुसष्ट लिंगे, आणि तळे. वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा पाऊस असणाऱ्या या भागात साठवलेल्या पाण्याचे मोल वेगळे सांगावयास नको. हुरड्याची ज्वारी पिकते ती याच कोरड्या रानात.

‘शून्यसंपादने’तील प्रसंग या कामाच्या ऐन भरात घडतो. अल्लमप्रभू सोन्नलगीस येतात. तळ्याचे खोदकाम चालू आहे. ते मजुरांना विचारतात, ‘ओड्ड राम’ कुठे आहे? ओड्ड म्हणजे माती–दगडाची कामे करणारा. मराठीतील वडार शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. आपल्या गुरूचा अपमान झाला असे समजून मजूर त्यांच्यावर दगड फेकतात. वार्ता कळताच सिद्धराम येतात व संतापाने कपाळीचा डोळा उघडतात. परंतु तो अग्नी अल्लमप्रभूंवर चालत नाही. मग संवाद सुरू होतो.

या संवादातील अल्लमप्रभूंची भूमिका थोडक्यात अशी : देव बाहेर आहे, तो श्रीशैलावर भेटला, त्याच्या आज्ञेने मी हे पुण्यकार्य करतो आहे, या सर्व समजुतीत भक्त, देव आणि कार्य अशा तीन वेगळ्या वस्तू गृहीत धरल्या जातात. हा वेगळेपणाच भ्रम आहे. तो कायम असेतो तळे, मंदिर, लिंगस्थापना ही सारी अहंकाराच्या खात्यावर जमा होत राहतात. त्याचा पुरावा बाहेर शोधावा लागत नाही. एका हिणकस संबोधनाने ज्या योग्याच्या कपाळीचा अग्नी भडकतो, त्याच्यातील ‘मी’ अजून शाबूत आहे. संवादाआधीची दगडफेक आणि क्रोध हे कथेचे अलंकरण नसून युक्तिवादाचाच भाग आहेत, असे म्हणावयास यामुळे जागा आहे.

या प्रसंगाचा अर्थ ज्ञानाने कर्मावर मिळविलेला विजय असा लावण्याचा मोह होतो. तो स्वीकारला तर सोलापूरचे तळे म्हणजे सिद्धरामांच्या अपक्व अवस्थेचे अवशेष ठरतात. पण ‘शून्यसंपादने’तच याच्या उलट दिशेचे प्रसंग आहेत. तांदूळ वेचून उदरनिर्वाह करणारा आय्दक्की मारय्या अनुभवचर्चेत रमला असता त्याची पत्नी लक्कम्माच त्याला त्याच्या कायकाची आठवण करून देते. तो गरजेपेक्षा अधिक तांदूळ घेऊन येतो, तेव्हा तीच ते परत टाकून यावयास सांगते. दोरखंडासाठी गवत कापणारा नुलिय चंदय्या कायकाला लिंगपूजेहूनही श्रेष्ठ मानतो. कल्याणच्या शरणांनी कष्ट नाकारले नाहीत. कष्टातून साठणारे ‘माझे’ तेवढे नाकारले. तळे खोदणे आणि तांदूळ वेचणे ही एकाच कसोटीवर घासली गेली आहेत. फरक एवढाच की मूठभर तांदळापेक्षा तळे फार मोठे, आणि त्यामुळे त्याला चिकटणारा कर्ताही मोठा.

येथे एक अडचण नजरेआड करता येत नाही. ज्या परंपरेने ढोर कक्कय्या, मादार चेन्नय्या यांना पूज्य मानले, तिनेच एका योग्याला खिजविण्यासाठी श्रमिक जातीचे नाव वापरावे, हे खटकते. संबोधन अपमानकारक ठरते ते ऐकणाऱ्याला ते हीन वाटते म्हणूनच, आणि अल्लमप्रभूंना नेमके तेच उघडे करावयाचे होते, असे समर्थन करता येईल. ते पुरेसे आहे काय, याबद्दल अभ्यासकांत दुमत होऊ शकते. खोदणारे हात प्रत्यक्ष ज्यांचे होते, ते मजूर या कथेत फक्त दगड फेकण्यापुरते येतात.

मराठी वाचकाला या प्रसंगावरून चांगदेवाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. योगसिद्धी प्राप्त झालेला पुरुष, त्याने धाडलेले कोरे पत्र, ज्ञानदेवांनी त्याला उत्तरादाखल लिहिलेल्या ‘चांगदेव पासष्टी’तील अद्वैताचा उपदेश, आणि पुढे मुक्ताबाईंचे शिष्यत्व, या कथेचा सांगाडा सिद्धराम–अल्लमप्रभू कथेशी जुळतो. दोन्हीकडे सिद्धी हाच अडसर आहे. भेद आहे तो हा की चांगदेवाच्या हाती सिद्धीवाचून दुसरे काही नव्हते. सिद्धरामांच्या मागे पाण्याची वाट पाहणारे एक गाव होते. म्हणून चांगदेवाला सर्व सोडता येते, सिद्धरामांना ते तसे सोडता येत नाही.

परंपरेनुसार सिद्धराम अल्लमप्रभूंसमवेत कल्याणास गेले. हे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. सोन्नलगी आणि कल्याण ही कलचुरी बिज्जलाच्या (कारकीर्द इ.स. 1167 पर्यंत) एकाच राज्यातील गावे होती, बिज्जलाचे पूर्वीचे ठाणे मंगळवेढे तर आजच्या सोलापूर जिल्ह्यातच आहे. कल्याणात चन्नबसवण्णांकडून त्यांना इष्टलिंगदीक्षा मिळाली व पुढे शून्यपीठाचा अधिकारही आला, असे सांगितले जाते. स्थावरलिंगांची स्थापना करणाऱ्या योग्याने इष्टलिंग स्वीकारणे हे मोठे परिवर्तन होय. त्याच्या ऐतिहासिकतेविषयी वाद असला, तरी ती अडुसष्ट लिंगे सोन्नलगीतून कोणी हलविली नाहीत.

कल्याणचा अनुभवमंटप विखुरल्यावर सिद्धराम सोन्नलगीस परतले, अशी श्रद्धा आहे. त्यांची समाधी तळ्याच्या मध्यभागी असलेल्या मंदिराच्या आवारातच दाखविली जाते. दरवर्षी मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज त्या अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेस निघतात, लिंगांना तैलाभिषेक होतो, आणि तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. हा विवाह कुंभारकन्येचा. तिने सिद्धरामांना वरण्याचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी स्वतःऐवजी आपला योगदंड पुढे केला, अशी लोककथा आहे.