ओडीची जागा रिकामी नव्हती

युनिक्सच्या शेलमध्ये अट ‘इफ’ने उघडायची आणि तीच अक्षरं उलट्या क्रमाने, म्हणजे एफ-आय अशी, लिहून मिटवायची. ‘केस’ उघडलं की शेवटी ई-एस-ए-सी. इथवर सगळं शिस्तीत आहे. मग लूप येतो. सुरुवात ‘डू’ने, म्हणजे डी-ओ, तेव्हा शेवटी ओ-डी यायला हवं. येतं ‘डन’. शिकवणारे इथे ‘हे असंच असतं’ म्हणतात आणि पुढे सरकतात.

मला सरकू दिलं नाही ते एका तक्त्याने. कॅल्डेरा कंपनीने जानेवारी २००२मध्ये जुन्या युनिक्सचा सोर्स कोड खुला केला, तेव्हापासून १९७९च्या सातव्या आवृत्तीतला शेल कोणालाही उघडून पाहता येतो. त्यात राखीव शब्दांचा एक छोटा तक्ता आहे. प्रत्येक शब्दासमोर प्रोग्रामने आपल्यापुरतं ठेवलेलं नाव: ‘इफ’समोर इफसिम, ‘फॉर’समोर फॉरसिम. आणि ‘डन’समोर ओडीसिम! दारावरची पाटी बदलली, पण सातबारा जुन्याच नावावर राहिला. शेल लिहिणाऱ्याच्या मनात शब्द ओ-डी हाच होता, याला यापेक्षा मोठा पुरावा मला तरी नको.

लिहिणारा होता स्टीफन बोर्न. केंब्रिजला असताना आल्गोल ६८ भाषेच्या ‘आल्गोल ६८ सी’ या कंपायलरवर काम केलेला हा गणिती १९७५मध्ये बेल लॅब्जमध्ये आला आणि येताना आल्गोलची चटक घेऊनच आला. ती इतकी, की शेल सी भाषेत लिहिताना त्याने मॅक्रो रचून सीलाच आल्गोलचा वेष चढवला. तो कोड पाहून थक्क झालेल्या दोघांनी १९८४मध्ये दुर्बोध सी लिहिण्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. ती कथा सर्वांना ठाऊक आहे.

वाद आहे तो उलट्या अक्षरांच्या कुळाबद्दल. काही जण त्याचं श्रेय आल्गोलऐवजी संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्राला देतात. त्याच्या ऑगस्ट १९७५च्या प्रसिद्ध लेखात इफ आणि एफ-आय, डू आणि ओ-डी या जोड्या आहेत, आणि तारीखही नेमकी जुळते. पण त्या लेखात ‘केस’ची जोडी नाही. ई-एस-ए-सी हे ध्यान आल्गोल ६८चंच, आणि बोर्नच्या शेलमध्ये ते जसंच्या तसं बसलंय. डायक्स्ट्राचा दावा माझ्या मते इथेच निकालात निघतो.

मग ओ-डी का गेलं? कारण त्या नावाची कमांड आधीपासून होती. नोव्हेंबर १९७१च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्येच ती आहे: ऑक्टल डंप. फाइलमधले बाइट अष्टमान अंकांत छापून दाखवणारी. ओ-डी राखीव शब्द झाला असता, तर फाइल तपासायला कमांड टाइप करणाऱ्याला शेलने ‘सिंटॅक्स एरर’ म्हणून परत पाठवलं असतं. राखीव शब्द शेल ओळखतो ते फक्त कमांडच्या जागी, हे खरं. पण ओ-डी नेमकं तिथेच बसतं.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की ‘डन’ हा सरळ इंग्रजी शब्द आहे, वाचायला बरा, म्हणून घेतला असेल. ज्याला ई-एस-ए-सी खटकलं नाही त्याला वाचनसुखाची एवढी काळजी असेल, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. ‘इफ’ नावाचीही कमांड तेव्हा होतीच की! युनिक्स घडवणाऱ्या केन थॉम्प्सनच्या जुन्या शेलला अटी कळतच नसत. ‘इफ’ हा वेगळा प्रोग्राम होता, आणि ‘गोटू’सुद्धा. ‘गोटू’ची करामत तर पाहण्यासारखी. स्क्रिप्टची फाइल हाच शेलचा इनपुट असे, आणि तिच्यात आपण कुठवर वाचलंय ती खूण शेल आणि त्याने चालवलेला प्रोग्राम यांच्यात सामाईक असे. ‘गोटू’ फाइलच्या सुरुवातीला जाई, विसर्गचिन्हासारख्या कोलनने सुरू होणारी हवी ती ओळ शोधी, खूण तिथेच सोडी आणि संपून जाई. शेलला पत्ताही नसे. तो आपला खूण असेल तिथून पुढे वाचू लागे. कोलन ही स्वतः काहीच न करणारी कमांड होती. बोर्नच्या शेलमध्ये गोटू गेलं, लेबलं गेली, कोलन मात्र आजही त्याच्या वंशातल्या शेलमध्ये काहीच न करता हजर आहे.

तर, बोर्नने ‘इफ’ बेधडक गिळलं, मग ओ-डीपाशीच का थबकला? माझं उत्तर असं: ‘इफ’ गिळल्यावरही त्याचं काम तेच राहिलं, फक्त ते शेलच्या पोटात गेलं, आणि तुलना करण्याचा भाग ‘टेस्ट’ या नव्या कमांडकडे आला. ओ-डीचा लूपशी काडीचा संबंध नव्हता. ते नाव घेणं म्हणजे शेजाऱ्याच्या हातातलं रोजचं हत्यार काढून घेणं.

आता माझा खरा लाडका तर्क. त्या कमांडचं नाव ओ-डी का? अष्टमान का? युनिक्स १९६९मध्ये जन्मलं ते पीडीपी-७वर, ज्याचा शब्द १८ बिटांचा. तीन-तीन बिटांचे सहा गट, म्हणजे अष्टमानाचे सहा अंक चपखल. पुढची पीडीपी-११ सोळा बिटांची, तिथे हा भागाकार जमत नाही. पण तिच्यात आठ रजिस्टर आणि पत्ता सांगण्याच्या आठ पद्धती, दोन्हींना तीनच बिट. त्यामुळे रजिस्टर १ मधला आकडा रजिस्टर २ मध्ये न्यायची आज्ञा अष्टमानात ०१०१०२ अशी दिसते: ०१ म्हणजे ‘हलव’, पुढचं ०१ म्हणजे कुठून, ०२ म्हणजे कुठे. डोळ्यांनी वाचता येते. सोळामानात तिचा अर्थ लपतो. आयबीएमच्या ३६० मालिकेने १९६४मध्येच सोळामान धरलं होतं. थॉम्प्सनच्या वाट्याला तसलं यंत्र आलं असतं, तर कमांडचं नाव वेगळं पडलं असतं, ओ-डी मोकळं राहिलं असतं आणि आज जगभरच्या सर्व्हरवरचे लूप त्यानेच मिटले असते. त्याच तक्त्यातल्या ओडीसिमची किंमतसुद्धा अष्टमानातच लिहिलेली आहे, एवढं जाता जाता सांगतो.

बाकीच्यांनी ही भानगडच टाळली. बिल जॉयच्या सी शेलमध्ये लूप ‘एंड’ने संपतो, टॉम डफच्या आरसीमध्ये महिरपी कंसाने. बॅश या शेलला १९८९मध्ये बोर्नचाच वारसा चालवायचा होता, म्हणून ‘डन’ राहिलं आणि पॉझिक्सच्या मानकातही गेलं.

महिरपी कंसावरून आठवलं. बोर्नच्या कोडमध्ये ‘फॉर’च्या लूपला डू-डनऐवजी महिरपी कंसही चालतात, ‘व्हाइल’ला चालत नाहीत. बॅशने हा पंक्तिभेदही जपला. ‘फॉर’ला कंस द्या, मुकाट चालतो; ‘व्हाइल’ला द्या, एरर. पॉझिक्समध्ये या सवलतीला जागा नाही. उबुंटूने २००६मध्ये ‘एसएच’च्या जागी बॅश काढून डॅश बसवला, तेव्हा बॅशच्या असल्या लाडांवर वाढलेल्या कितीतरी स्क्रिप्ट एका रात्रीत आडव्या झाल्या. ओ-डीचं मात्र अजूनही तेच: कुठलाही पर्याय न देता चालवा, चौसष्ट बिटांच्या यंत्रावरही ती सोळा-सोळा बिटांचे गट करून अष्टमानातच छापते.