आपले खलाशी पूर्वज आणि जुनी वर्तमानपत्रे

बाणकोटपासून राजापूरच्या खाडीपर्यंत कोकणी मुसलमानांचे असे घर क्वचितच सापडेल की ज्याच्या मागच्या तीन-चार पिढ्यांत कोणीच बोटीवर नव्हते. तरीही आपल्या शाळेतल्या एखाद्या हुशार विद्यार्थ्याला विचारावे, "बाळ, तुझे पणजोबा काय करीत?" तर उत्तर येते, "बोटीवर होते." कोणत्या बोटीवर? कोणत्या साली? कोणत्या कामावर? पुढे सारा अंधार! अकबराच्या राज्यारोहणाचे साल ज्याला तोंडपाठ आहे, त्याला स्वतःच्या पणजाचे साल ठाऊक नाही. हा दोष मुलांचा नव्हे. घरात गोष्टी भरपूर आहेत, पण त्या गोष्टींना तारीख नाही. ही तारीख कशी शोधावी, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

आपल्या समाजाचा दर्याशी संबंध फार जुना. 'नाखुदा' हा शब्दच मुळी फारसी. त्याचा अर्थ नावेचा धनी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईचे कोकणी मुसलमान व्यापारी महंमद अली रोगे हे जमशेटजी जीजीभाईंच्या पेढीत भागीदार होते. कापूस आणि अफू यांचा चीनशी चालणारा मोठा व्यापार या पेढीच्या हाती होता. अशा धनिकांची नावे कागदोपत्री जागोजाग आढळतात.

१८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला आणि शिडाच्या जहाजांची जागा आगबोटींनी झपाट्याने घेतली. मग आपली माणसे पी. अँड ओ., ब्रिटिश इंडिया अशा कंपन्यांच्या बोटींवर चढली. डेकवर सारंग, तांडेल, सुकाणी आणि खलाशी. खाली बॉयलरपाशी आगवाला, कोयलावाला, तेलवाला. आणि सर्वांच्या पोटाची काळजी वाहणारा भंडारी. या हजारो माणसांची नावे मात्र वर्तमानपत्रांनी फारशी छापली नाहीत.

मग वर्तमानपत्रांचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो मोठा आहे. 'मुंबई समाचार' १ जुलै १८२२ पासून निघत आहे. 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. 'बॉम्बे टाइम्स' ३ नोव्हेंबर १८३८ ला सुरू झाला व १८६१ साली तोच 'टाइम्स ऑफ इंडिया' झाला. मुंबईच्या इंग्रजी पत्रांत बंदराची खबर ठरलेल्या जागी येई : कोणती बोट आली, कोणती गेली, कप्तान कोण, कुठून आली, माल कोणता. व्यापाऱ्यांसाठी छापलेली ही रुक्ष यादी आज आपल्या कुटुंबाच्या इतिहासाची किल्ली आहे. कारण खलाशाचे नाव सापडले नाही तरी त्याची बोट सापडते.

म्हणून पहिला नियम असा की, माणूस शोधण्याआधी बोट शोधावी. यासाठी घरातली 'नळी' बाहेर काढावी. खलाशाच्या नोकरीच्या दाखल्याला आपल्याकडे नळी म्हणतात. बोटीचे नाव, हुद्दा, चढल्या-उतरल्याच्या तारखा यांच्या नोंदी तीत असतात. समजा, एखाद्या नळीवर 'तिलावा' हे नाव आणि नोव्हेंबर १९४२ ची नोंद आहे. मुंबईहून आफ्रिकेला निघालेली ही बोट २३ नोव्हेंबर १९४२ रोजी जपानी पाणबुडीने बुडविली. बोटीवर ९५८ माणसे होती. त्यांतील २८० मृत्युमुखी पडली व बाकीच्यांना वाचविण्यात आले. "लढाईत बोट बुडाली" एवढेच घरात सांगत असतील, तर त्या तीन शब्दांमागचा दिवस, समुद्र आणि शत्रू अशा रीतीने हाती लागतो.

दुसरा नियम नावाचा. लोकांच्या तोंडचे नाव आणि कागदावरचे नाव एकच असेल असे धरून चालू नये. ८ नोव्हेंबर १८८८ च्या तुफानात मांडवीहून मुंबईकडे येणारी एक आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ माणसांसह नाहीशी झाली. गुजरातेत हाजी कासमची 'वीजळी' म्हणून तिची गाणी आजही गातात, कारण तिच्यावर विजेचे दिवे होते. पण कंपनीच्या दप्तरी तिचे नाव 'वैतरणा'. वीजळी शोधणाऱ्याला बंदराच्या यादीत काही मिळणार नाही. वैतरणा शोधणाऱ्याला मिळेल. माणसांच्या नावांचेही तेच. इंग्रज कारकुनाने महंमद, हुसेन, इब्राहिम ही नावे कानाला येतील तशी लिहिली. म्हणून एकच नाव चार-पाच तऱ्हांनी लिहून शोधावे.

तिसरा नियम तारखेचा. आपल्या घरांत आठवणी हिजरी महिन्यांवर टांगलेल्या असतात : "रमजान तोंडावर आला होता", "बकरीद होऊन आठ दिवस झाले होते". अशा वाक्यांना कमी लेखू नका. रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी हिंदू घरांत गटारीची अमावास्या होती, तर मुसलमान घरांत रमजानचा चंद्र दोन-तीन दिवसांवर आला होता. दोन्ही समाजांच्या म्हाताऱ्या माणसांनी आपापल्या पंचांगाने सांगितलेला दिवस वर्तमानपत्राच्या तारखेशी बरोबर जुळतो. मात्र हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दर वर्षी मागे सरकतो, हे ध्यानात ठेवून हिशेब करावा.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. वर्तमानपत्रात बातमी नाही म्हणजे घटना घडलीच नाही, असे समजू नये. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळ्याने भरलेल्या 'फोर्ट स्टायकीन' बोटीचे दोन प्रचंड स्फोट झाले. गोदी पेटली, शेकडो माणसे मेली. पण लढाईचे दिवस आणि सरकारी सेन्सॉर! सविस्तर बातमी छापायला परवानगी मिळाली ती मे महिन्यात. पंधरा एप्रिलचा अंक पाहून "आजीची गोष्ट खोटी" असा निकाल देणारा नातू आजीवर अन्याय करील. त्याने पुढचे अंकही चाळले पाहिजेत.

आता एक नाजूक गोष्ट. पुष्कळ घरांत पणजोबा 'कप्तान' असतात आणि नळी उघडली की 'आगवाला' निघतात. असे झाले तर मुलांनी खजील होऊ नये आणि वडीलधाऱ्यांनी कागद लपवू नये. तांबड्या समुद्राच्या उन्हात, बॉयलरच्या तोंडाशी उभे राहून फावड्याने कोळसा टाकणे हे काम कप्तानाच्या कामापेक्षा हलके नव्हते. त्या मजुरीच्या मनिऑर्डरीवर गावाकडची घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, मुले शाळेत गेली. मोठेपणासाठी रचलेल्या गोष्टीपेक्षा हे सत्य अधिक मोठे आहे. मुंबईच्या मस्जिद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक आहे. त्यांना कबर मिळाली नाही. समुद्र हीच त्यांची कबर. त्यांची नावे तरी आपण वाचावयास नकोत काय?

हे काम वाटते तितके अवघड नाही. मुंबईत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि १८२१ साली स्थापन झालेले सरकारी दप्तरखाना, म्हणजे आजचे राज्य पुराभिलेखागार, अशी भांडारे आहेत. काही जुनी पत्रे आता संगणकावर शब्द घालूनही शोधता येतात. पण तिकडे जाण्यापूर्वी घरातले काम उरकावे. एक वही घ्यावी. डाव्या पानावर बुजुर्गांनी सांगितलेली गोष्ट त्यांच्याच शब्दांत लिहावी, उजव्या पानावर कागदात सापडलेला पुरावा आणि वर्तमानपत्राची तारीख लिहावी. दोन्हींची सरमिसळ करू नये. आजी-नानींना जरूर विचारावे. पुरुष दर्यावर होते तेव्हा घरचा हिशेब आणि घरच्या आठवणी त्यांनीच राखल्या.

पालकांना एवढीच विनंती की, पेटीच्या तळाशी असलेली नळी, पत्रे आणि मनिऑर्डरच्या पावत्या रद्दीत जाऊ देऊ नका. वर्तमानपत्रांचे अंक ग्रंथालयात आणखी काही वर्षे राहतील, परंतु आपल्या घरातली ऐंशी वर्षांची स्मरणशक्ती वाट पाहत थांबणार नाही. विद्यार्थी मित्रांनो, या सुट्टीत निदान डावे पान तरी भरून टाका. अल्लाह करो आणि उजवे पान भरण्याची उमेदही तुम्हांला लाभो.