वाघोलीचा बुडबुडा

सांभाळून पाय टाका. वरची साय काळी दिसते, पण फटींतून लाव्हा अजून लाल आहे: अकराशे-बाराशे अंश. काळ साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पुणं नाही, त्याच्या शेजारची वाघोली नाही. लाव्ह्यातला वायू वर यायला धडपडतोय, पण दगड त्याआधीच थिजतो आणि बुडबुडे जागच्या जागी कोंडतात. त्यातल्या एका पोकळीत शिरा.

लाखो वर्षं काहीच घडत नाही. मग भेगांतून गरम पाणी झिरपतं. बेसॉल्टमधली सिलिका, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम त्यानं वाटेत विरघळवून आणलंय. निवता निवता त्याला ते पेलवेनासं होतं. तुमच्या नाकासमोर, भिंतीवर चार अणू जमतात, पुन्हा सुटतात. इवल्या कणाचे बहुतेक अणू पृष्ठावरच, अर्धवट धरलेले. म्हणून तो टिकत नाही. एका मर्यादेपुढे गेलेला कण मात्र वाढतच राहतो. नवा अणू थराच्या अपुऱ्या कडेला बसतो, कारण तिथे त्याला धरायला जास्त शेजारी असतात. घाई असती तर नुसता चुरा झाला असता. इथे स्टिल्बाइट या खनिजाच्या, मधोमध बांधलेल्या पेंढीसारख्या, मोतिया जुड्या उमलतात. त्यांवर पुढे व्हॅनेडियम घेऊन आलेला कॅव्हन्साइट बसतो, गर्द निळा.

सुरुंग! विसाव्या शतकाची अखेर, वाघोलीची खाण. इथे हवी असते खडी. जगभरचे संग्राहक ज्यासाठी जीव टाकतात, तेच निळे गोळे क्रशरमध्ये किती गेले असतील, कोण जाणे!

थोडं मागे, १७५६, स्वीडन. खनिजशास्त्रज्ञ क्रॉन्स्टेट फुंकनळीच्या ज्योतीत स्टिल्बाइटसारखाच पांढरट खडा धरतो, तो फसफसतो. स्फटिकातल्या अणूंच्या जाळीत अडकलेलं पाणी वाफ होऊन सुटतंय. हा झिओलाइट. बेतानं तापवला, तर पुष्कळ झिओलाइटांत पाणी जातं नि जाळी शाबूत राहते. सगळी करामत जाळीतल्या त्या रिकाम्या खोल्यांची.

आता २०२१, घरातलाच एक पलंग, शेजारी घरघरणारा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. त्याच्या नळकांड्यांत कारखान्यात वाढवलेले झिओलाइटचे सूक्ष्म स्फटिक गोळ्यांच्या रूपात भरलेत. दाबाखालची हवा आत येते. जाळीतले धनभारित आयन नायट्रोजनला जास्त ओढून धरतात, ऑक्सिजन पुढे सरकतो. दाब सुटला की नायट्रोजन फुस्स करून बाहेर, तोवर दुसरं नळकांडं कामाला लागलेलं असतं. नळीतून येणाऱ्या हवेत नव्वद टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन आहे.