वारीची वाट आणि देवळाची पायरी

आषाढात ज्ञानोबांची पालखी नातेपुत्याहून माळशिरसला येते, तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभा असतो. वारीत जात नसते, असे आपण अभिमानाने सांगतो. मला ते पुरते पटत नाही. वारीत चाललेल्या इरावती कर्व्यांनीच दिंडीतल्या ब्राह्मणांची आणि मराठ्यांची जेवणे वेगळी होत, हे लिहून ठेवले आहे. आणि वाट संपते तिथे, पंढरपूरच्या महाद्वारासमोर, चोखोबांची समाधी, बाहेर. त्यांचे अभंग कीर्तनात, त्यांची माणसे मात्र उंबऱ्याबाहेर! २९ एप्रिल १९४७ रोजी दिल्लीत घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मान्य केले. तरी दोनच दिवसांनी, १ मे रोजी, साने गुरुजींना पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसावे लागले. तत्पूर्वी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकांना विनवले होते. देऊळ खुले करण्याचे मान्य झाले, तेव्हा १० मे रोजी उपोषण सुटले.

माळशिरसची विधानसभेची जागा २००९च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. त्यावर पारावर कधी कुरकुर ऐकू येते. ‘आता कशाला हे?’ असे कुणी म्हणाले, की मी त्यांना महाद्वारासमोरच्या त्या समाधीविषयी विचारतो.